फुलाबाईचं तेल

पिंपळीत कुणाचं हाड मोडलं की लोक फुलाबाईचं घर गाठायचे. ती बांबूच्या कामट्या बांधायची, दर बाजाराच्या दिवशी त्या सोडून स्वतः कढवलेल्या तेलानं जागा चोळायची आणि पुन्हा बांधायची. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. पुतण्याचा, जोतीरामचा हात तिच्याकडून वाकडाच जुळला, तर भावकीदेखत तिनं त्यालाच झापलं, "तुलाच दम न्हाय. वझं उचललं असशील." तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

चौऱ्याण्णव साली बांधावरून घसरून तिच्याच पायाची नळी मोडली. तिनं ती स्वतःच बांधली, स्वतःच चोळली. वर्ष सरलं तरी पाय टेकवेना. मग गाव कशाला गप्प बसतंय! हाड बसवणारीचंच हाड बसेना म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा मागेच गेलेला, पोटी मूल नाही. बारामतीला न्यायला शेवटी जोतीरामच आला.

डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला. "दर आठवड्याला चोळत होता? अहो, हाड जरा कुठं धरायला लागलं की तुम्हीच ते हलवत होता."

मग हाड धरावं म्हणून त्यानं तिच्याच कमरेच्या हाडातला मगज सुईनं ओढून मोडल्या जागी टोचला, वर प्लॅस्टर चढवलं आणि हात लावायचा नाही म्हणून बजावलं. फुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचं पोरगं तिला हाड शिकवतंय! एवढ्यात दाराशी उभा जोतीराम तिला दिसला. तो आपल्या वाकड्या हाताकडं बघत होता. तिच्या ओठावर आलेली शिवी तिथंच अडकली.

प्लॅस्टरच्या आत खाज सुटायची, पण तिनं हात लावला नाही. हाड जुळलं. त्याचाही तिला रागच आला.

पुढच्या सुगीत जोतीरामची बायको कौसल्या लेकीला घेऊन आली. पोरीचं मनगट मोडून सुजलं होतं. मागोमाग जोतीराम बायकोवर ओरडत धावत आला, पण फुलाबाईनं त्याच्या आधीच तोंड सोडलं होतं.

"नीघ हितनं! बारामतीला ने पोरीला. माझं तेल लावशील तर बघ!"

जोतीराम उंबऱ्यातच थबकला. "माझ्या येळंला का न्हाय म्हणालीस असं, काकी?"

"तवा माझा पाय मोडला न्हवता."