झटका मशीनची टिकटिक

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी वाशी तालुक्यातल्या आमच्या शेतात पत्र्याचा अँटेना उभा केला होता. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत पकडायचा, एवढंच काम. पण तो संकेत इतका बारीक की शेजारची कुठलीही मशीन त्याला गिळून टाकायची. आणि आमच्या मक्याला रानडुकरांपासून राखायला तर झटका मशीन होती. ती कुंपणाच्या तारेत टिकटिक झटके सोडायची आणि माझ्या आलेखात टोकं उठायची.

मी वडिलांवर, अण्णांवर, लई चिडले. "तुमच्या मशीननं माझ्या डिग्रीचं वाटोळं केलं." ते नुसते "व्हय" म्हणाले.

मग मी हट्टाला पेटले. सरासरी काढून टोकं सापडेनात, कारण टोकंच सरासरीला वर ओढत होती. शेळ्यांच्या कळपात उंट घुसला की सरासरी उंची वाढते, रांगेतली मधली शेळी मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून मी मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा धरला आणि त्यापासून फार लांबचे आकडे गाळणारा प्रोग्राम लिहिला. डेटाचं कार्ड रोज सकाळी अण्णाच शेतातून आणून द्यायचे. तीन दिवस आलेख स्वच्छ आला. मग काय, माझे पाय जमिनीवर ठरेनात. अण्णांनाही ऐकवलं, "बघा, हरली तुमची मशीन."

"शाबास माय," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी प्रोग्रामनं किती आकडे गाळले ते बघितलं. जवळजवळ एकही नाही. गाळायला झटके नव्हतेच. तशीच शेतात गेले. मशीनच्या बॅटरीची वायर काढून ठेवलेली, ओढ्याकडचा मका आडवा झालेला, आणि अण्णा मोडलेली ताटं गोळा करत होते. मला रडूच आलं.

"किती गेलं, अण्णा?"

"लई न्हाय. थोडंच."

थोडं नव्हतं ते. वायर मीच परत जोडली. म्हटलं, "तुम्ही मका राखा, माझं मी बघते."

अहवालात त्या तीन दिवसांपुढं 'मशीन बंद' असं लिहिलं. पुढच्या डेटावर प्रोग्रामनं झटके बरोबर पकडले, पण त्यांच्यासोबत जवळपास निम्मा डेटाही गेला. उरलेल्यात संकेत दिसला, पुसटसा, पण दिसला.

त्या दिवशी जेवताना अण्णांनी विचारलं, "मशीनपायी तुझं किती गेलं?"

"थोडंच," मी म्हणाले.

हे थोडंच म्हणजे किती, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.