आबाजी शिंदीवर चढला त्याची गोष्ट

आबाजी भिंगारदिवे हा माणूस तसा सोन्यासारखा, पण शिंदीचं मडकं दिसलं की त्याचं पितळ व्हायचं. नगरकडून पिंपरीला आला, नव्या औषधाच्या कारखान्यात माळीकाम धरलं, आणि नदीकाठची ताजी शिंदी कुठे मिळते ते त्याला आठवड्यात कळलं. दारूबंदी होती म्हणे. असेल, कागदावर. एकदा चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला असताना आबाजी झोकांड्या देत उभा राहिला आणि गोठ्यातल्या बाळासाठी म्हणून त्याने खड्या आवाजात लावणी सुरू केली. मंडळी हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला प्रभुभोजनातून बाहेर काढलं.

तुम्ही म्हणाल, भाकरीचा एवढासा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, त्याचं काय एवढं? आबाजीला विचारा. ताट फिरत त्याच्यापाशी आलं की चर्चचे पंच ते त्याच्या डोक्यावरून पलीकडे देत, आणि बायकांच्या बाजूला बसलेली त्याची यशोदाबाई मान खाली घाली. ते त्याला सोसेना. त्याने शिंदी सोडली ती सोडलीच. दोन वर्षांनी पाळकसाहेब म्हणाले, "येत्या ईस्टरला तुला भोजनाला घेऊ. तोवर नीट राहा."

आता ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा लोक वाटेत अंगावरची वस्त्रं अंथरत, झावळ्या घेऊन त्याला राजासारखे सामोरे गेले, म्हणून त्या दिवशी मंडळी झावळ्या नाचवत मिरवणूक काढते. त्या झावळ्या खजुराच्या, पण पिंपरीत खजूर कुठला? होत्या त्या नदीकाठच्या शिंद्या. आणि शिंदीवर सरसर चढणारा अख्ख्या मंडळीत एकच. आबाजीने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण लोक ऐकतात होय?

शनिवारी दिवस मावळायच्या आत तो थेरगावच्या बाजूला पवनेकाठी शिंदीवर चढला. वर कुणीतरी चोरून मडकं बांधलेलं होतं. त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, अगदी खरं. भराभरा झावळ्या तोडून खाली टाकल्या आणि वाकून बघतो तर हवालदार रंगराव त्यांच्यावर बूट ठेवून उभा.

"उतर खाली. शिंदी काढतोस?"

"न्हाई साहेब. झावळ्या काढतोय. उद्या राजा यायचाय."

"कोण राजा?"

"आमचा. गाढवावर बसून."

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रोज कुठे ना कुठे मोर्चा, कुठे मंत्र्याच्या नावाने गाढव फिरवलेलं. रंगरावचे कान टवकारले. "राजाची गाढवावरून धिंड? कोण काढतंय?"

खरं ते सांगितलं की सुटका, असं आबाजीला वाटलं. "समदी मंडळी हाय की त्यात," तो म्हणाला. "बायाबापड्या, पोरंसोरं. घोषणा द्यायच्या आन् रस्त्यात अंगावरची कापडं हातरायची." रंगरावला घाम फुटला. आबाजी, मडकं आणि झावळ्यांचा भारा असे तिघेही चौकीत जमा झाले.

सकाळी मंडळीत बातमी पोचली ती अशी, की आबाजी मडक्यासकट सापडला. "तरी वाटलंच होतं," म्हणणारे लगेच निघाले. ते कुठे नसतात? पण झावळ्या तर आणायलाच हव्यात. मग सगळी मंडळी धुवट कपड्यांत, पेटी-तबल्यासकट चौकीकडे निघाली. पोरांना दम कुठला, ती वाटेतच "होसान्ना"चा जयघोष करू लागली. फौजदाराने खिडकीतून पाहिलं आणि घाईघाईने टोपी चढवली. त्याला वाटलं, आला मोर्चा.

पाळकसाहेबांनी बायबलातलं शुभवर्तमान उघडून गाढवाचा खुलासा केला. फौजदार समजूतदार होता, धिंडीचं प्रकरण हसण्यावारी गेलं. मग त्याने मडक्याकडे बोट दाखवलं. "आणि हे? हा माणूस शिंदीच्या वाटेला जात नाही याची हमी कोण देतं?"

पेटीवाला पेटीकडे बघू लागला. पंच एकमेकांकडे. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं माहीत नाही. येत्या ईस्टरला ताट पुन्हा डोक्यावरून जाणार, हे आबाजीला तिथेच दिसलं.

यशोदाबाई पदर सावरत पुढे झाली. "मी देते. दोन वर्सांत यांनी थेंब घेतला न्हाई."

"नवरा बाहेर काय करतो, बाई, तुम्हाला काय ठाऊक?"

"ठाऊक हाय. रोज हे झोपले की मी यांचं तोंड हुंगते."

रंगराव फिसकन हसला आणि सगळी मंडळी हसत सुटली. पाळकसाहेबांनी हसू आवरत आबाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या रविवारी तुझा तुकडा पक्का," ते म्हणाले. आबाजी सुटला, झावळ्या सुटल्या, मिरवणूक थाटात निघाली. एवढ्यावर माणसाने खूश व्हावं की नाही? पण हा फुगलेलाच. शेवटी त्याने बायकोला गाठलं.

"दोन वर्सं हुंगत व्हतीस? येवढाबी इस्वास न्हवता?"

"न्हवता," यशोदाबाई म्हणाली. "लई भ्या वाटायचं मला."

आबाजीने हातातली झावळी खांद्यावर टाकली. "आन् आज रातच्याला?"

"हुंगणार की. वास न्हाई आला म्हंजी मग मला झोप लागती."