बिननाकाचा फोटो

नातवाने परवा नवा फ्लॅश आणला. तो कॅमेऱ्यावर न लावता त्याने स्टँडवर चढवला आणि माझ्या गालाजवळ सरकवला. "आजी, उजेड बाजूनं आला की चेहरा उठून दिसते." मी गाल मागे घेतला.

माझं लग्न जमवत होते तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुलाकडच्यांना माझा फोटो पाठवायचा म्हणून मामाने मोताळ्याला आमच्या घरी फोटोग्राफर आणला. त्याचाही फ्लॅश नवाकोरा होता, लांब वायरीचा, चकचकीत ताटलीत बल्ब बसवलेला. मी सावळी. मामाने तो फ्लॅश फोटोग्राफरच्या हातातून ओढूनच घेतला. "इतक्या दुरून काऊन? जवळ धरला म्हणजे पोरगी गोरी येईन!"

आईने थापलेली पावडर घामाबरोबर गळ्यात उतरत होती. मामाच्या तोंडाचा तंबाखूचा भपकारा थेट माझ्या नाकात शिरत होता. फाडकन उजेड पडला, बल्ब तडतडला आणि जळक्या वासाची धग गालाला चिकटली. मामा खूश. "हाव, आता जमलं!"

फोटो आला, त्यात डोळ्यांचे दोन ठिपके आणि ओठांची रेघ. बाकी सगळा चुना. नाक नव्हतंच. तोच फोटो साखरखेर्ड्याला मुलाकडे गेला आणि तिकडून होकार आला, "मुलगी पसंत आहे." घरात पेढे वाटले. मीही लाजले. आज त्या पेढ्यांची, त्या लाजण्याची शिसारी येते.

"आजी, हास ना," नातू म्हणाला.

"आधी तो दिवा लांब कर बे," मी म्हटलं. "मले नाक हाये."