दहाच्या विमानाला दाखवलेली बैलजोडी

माझ्या आईनं सात महिने रोज सकाळी आभाळाकडे बघून मला हात केला, आणि त्यांतल्या एकाही दिवशी मी त्या विमानात नव्हतो.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. डाकोटा विमानावर मी वायरलेस ऑफिसर होतो. (आमच्या गावी, बावड्यात, याचा अर्थ ‘आपला सदा इमान चालवतो’ असा घेतला जाई, आणि मीही तो कधी खोडून काढला नाही!) पायलटच्या पाठीमागच्या कोनाड्यात मान खाली घालून बसायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि जमिनीवरच्या कुणा माणसाशी टिकटिक करत बोलायचं. दिवसभरात माझं सगळ्यात जास्त बोलणं त्याच्याशीच होई, आणि त्याचं नावही मला माहीत नसे.

हैदराबादला जाताना आमचं विमान दहाच्या सुमाराला गावावरून जाई. आई पाटाच्या बांधावर उभी राहून हात करायची आणि संकष्टीला चंद्र बघून जेवावं तशी विमान बघून मगच भाकरी खायची. धाकट्या भावाकडून तिनं पोस्टकार्ड लिहवून घेतलं, “आमी दिसतो का?” कोनाड्यातून मला पुढचा पायलट धड दिसत नसे, तिथं आई काय दिसणार! पण मी उत्तर धाडलं, “अगदी स्पष्ट दिसता.”

मग माझी बदली कलकत्त्याला झाली. ते मात्र मी कळवलं नाही. ड्यूटी नसली की तिथल्या खोलीत मी भिंतीकडे बघत बसे. फार एकटं वाटायचं. दहा वाजले की मनात येई, आत्ता कुणीतरी आपल्याला हात करतंय, आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. खरं कळवलं तर तो हात थांबेल, आणि ते मला सोडवेना. जुन्या ऑफिसातून फिरून येणाऱ्या घरच्या प्रत्येक कार्डाला माझं एकच उत्तर, “सगळं दिसलं. छान आहे.”

सात महिन्यांनी रजा मिळाली. न कळवता बावड्याला उतरलो आणि तडक मळ्यात गेलो. बांधावर आई, माझे वडील आबा आणि शेजारचे धोंडीबाराव माना वर करून उभे!

“आये!” मी हाक मारली.

“गप रं!” आई वळलीसुद्धा नाही. “आमच्या सदाचं इमान यायचं हाय.”

“आगं, मीच सदा!”

तिघांच्या माना एकदम खाली आल्या. आईनं माझ्याकडे बघितलं, मग घाबरून वर बघितलं. “तू हितं हायस, मग इमान कोण चालवतंय?”

शेवटी कलकत्त्याचं सगळं सांगावं लागलं.

“म्हंजी,” आबा म्हणाले, “परवा म्या नवी बैलजोडी इमानाखालनं फिरवली, ती कुणाला दाखवली?”

“बैलाचं सोडा!” धोंडीबाराव कडाडले. “आमची पोरगी शेवंता नवं लुगडं नेसवून हितं उभी केली, ती कुणी बघितली? आन् तू लिवलंस, सगळं दिसलं, छान आहे! आमी सोयरीक धरून बसलो की!” पाय आपटत ते निघून गेले. (पुढे शेवंताला वरकुट्याच्या एका मास्तरांनी मागणी घातली. कायम जमिनीवर राहणारा माणूस!)

“आये, लई भूक लागलीय. चल जेवाय.”

“इमान जाऊ दे.”

“आता कशाला? मी हितं हाय की!”

“तू हायस रं. पर वर जो बसलाय, त्येची आई कुठं लांब आसंल. त्येला कोण हात करणार?”

मी तिच्या शेजारी बांधावर उभा राहिलो झालं.

आणि नेमकं त्याच दिवशी विमानाला उशीर! अकरा वाजले, बारा वाजले. “तू त्या खात्यातला न्हवं? मग इचार की कुठं ऱ्हायलं त्ये!” आबा माझ्यावरच खेकसले. साडेबाराला घरघर ऐकू आली. आईनं माझं मनगट धरून हात वर केला. मीही खांदा दुखेस्तोवर हलवला. वरून काही दिसत नाही, हे त्या बांधावर मला एकट्यालाच ठाऊक होतं.

विमान दिसेनासं झालं तशी आई म्हणाली, “बघितलं का रं त्येनं आपल्याला?”

“व्हय तर, चांगलं बघितलं की!” मी म्हणालो. तेव्हा कुठं ती जेवायला निघाली.

खोटं बोलायला पोस्टकार्डच लागतं असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं!