मोरीचा अर्धा पडदा

“तुम्ही भायर बसा,” असं बाई नवऱ्याला म्हणाल्या, की समजायचं, पोरं धुवायची वेळ झाली. तो बिचारा डबा द्यायला आलेला. निमूटपणे पेपर उचलायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा.

भांडुपच्या एका चाळीत खोली भाड्याने घेऊन बाई पाळणाघर चालवायच्या. माझी मुलगी तीन वर्षांची, मी टेलिफोन ऑफिसात. तिथल्या मोरीला पडदा होता, तोही खालच्या बाजूला अर्धाच. आत स्टुलावर बसलेल्या बाई बाहेरून दिसायच्या, मूल दिसायचं नाही. “पोर झाकाक व्हया, मोठा माणूस दिसाक व्हया,” हे त्यांचं शास्त्र. तान्ह्या पोराच्याही अंगावर पाणी घालायच्या ते त्याला सांगून.

“बाई, त्याला काय कळतंय?” मी चिडवायची.

“तेका नाय, माका कळता.”

चाळीचे मालक म्हणजे सगळ्यांचे काका. पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचे, पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर. एका संध्याकाळी मी मुलीला न्यायला आले, तर तिचा हात धरून ते संडासाकडे निघालेले.

“शी लागलीय हिला,” ते बाईंना म्हणाले. “ तुम्ही कामात आहात, मी नेतो.”

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “काका, पोरांका धुवची-नेवची ती मीच.”

“म्हणजे माझ्यावर संशय?”

“माझ्या घोवाकसुद्धा मी नेऊक देणंय नाय.”

मालक भडकले. एक तारखेला खोली रिकामी करा म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, दुसरी खोली काय रस्त्यावर पडली होती? पाळणाघर बंद म्हणजे आम्हा नोकरीवाल्या बायकांची वाटच लागली. दोघीतिघी बाईंच्या मागे लागल्या, “माफी मागा ना, तुमचं काय जातंय?”

“शब्द लागलो आसात तर मागतंय,” बाई म्हणाल्या. “नियम मात्र ह्योच रवतलो.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालकांना अर्थातच तसली माफी नको होती. बाईंनी पाळणाघर स्वतःच्या एका खोलीच्या घरात हलवायचं ठरवलं.

बाई वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सामान हलवायचा तो दिवस काही डोळ्यांसमोरून जात नाही. बाईंचा नवरा जिन्यातून पाळणे उतरवत होता. मालकांची बायको, एरवी कोणाशी चकार शब्द न बोलणारी, नातीला घेऊन आली. आधी मागे वळून पाहिलं, मग हळूच म्हणाली, “बाई, हिला उद्यापासून तुमच्या घरी ठेवाल?”

 बाई पोरीपुढे हात करत म्हणाल्या, “उद्या कित्याक? आजच नेतंय.”