कमलताईंनी केलेला भाव

कमलताई भाव करायला लागल्या की मला पदराआड तोंड लपवावंसं वाटायचं. विकणाऱ्यानं किंमत सांगितली की त्या आधी गप्प बसायच्या. वस्तूकडे अशा बघायच्या की जणू तिला जुनं दुखणं आहे आणि ते मालकाला ठाऊकच नाही. मग पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या आणि शांतपणे एक आकडा सांगायच्या. तो इतका कमी असायचा की एकदा वाशीमच्या बाजारात एका कापडवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बाई, त्यापेक्षा फुकट न्या." कमलताई म्हणाल्या, "फुकट मी कोनाचं घेत नाही." आणि शेवटी त्यांना हव्या त्या भावात दोन साड्या घेऊन आल्या.

"पयला भाव नाही म्हनासाठीच असते वं," त्या मला समजावायच्या. "मी कमी सांगाचा, त्यानं कपाळाले हात लावाचा, मंग दोघंबी थोडे थोडे सरकाचे. त्यानं नाही म्हटलंच नाही तं तो भाव कायचा?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि बाजारात कुणी कपाळाला हात लावला की मला अजून दचकायला होतं.

आम्ही दोघी केनवडच्या शाळेत शिकवायचो. त्या मराठी, मी गणित. राहायला वाशीमला, त्यामुळे रोजचं अपडाऊन. काळीपिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर पाचवी होऊन बसायचं, गुडघ्यावर कुणाचं तरी पोतं, अशी आमची अर्धी नोकरी गेली. कमलताईंचे यजमान लवकर गेले होते, मुलगी लग्न होऊन पुण्यात. एक दिवस काळीपिवळीतून उतरताना त्यांची चप्पल आतच राहिली आणि गाडी निघून गेली. त्या एका पायात चप्पल घालून शाळेच्या फाटकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, आता चारचाकी गाडी घ्याची. विजेवरची. जुनी."

नवी का नाही, असं मी विचारलं, तर माझी शिकवणीच सुरू झाली. "अवं, नवी गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर निंगाली का तिचा भाव पडला. तो पडलेला भाव पयल्या मालकानं सोसाचा, आपन दुसरं व्हाचं. अन् विजेच्या गाडीचं तं जास्तच. दर वर्षी नवं मॉडेल, ते जास्त चालते अन् कधी कधी स्वस्तही असते. मंग जुनीले कोन विचारते?" मोबाईलवर बघून, शोरूमवाल्यांचं डोकं खाऊन त्यांनी सगळं गोळा केलं होतं. बॅटरी म्हणजे गाडीचं काळीज, ते किती शिल्लक आहे ते कागदावर मागायचं. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते विचारायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडी टिनाखाली उभी होती की झाडाखाली, तेही विचारायचं. मी म्हटलं, "ताई, गाडी घेता आहात की सून बघता आहात?" त्यांना ते आवडलं नाही.

मग किन्हीराजाची गाडी कळली. दादाराव नावाचे एक शेतकरी, त्यांच्या मुलाची, अमोलची गाडी. अमोल मालेगावला खताच्या कंपनीत कामाला होता. कामानिमित्त नागपूरला गेला, तिथे छातीत दुखायला लागलं आणि संपला. लग्नही झालं नव्हतं. आमच्या भागात तरुण माणूस गेला की त्याची गाडी घरात ठेवत नाहीत. मोटारसायकल असेल तर तालुक्याबाहेर विकतात, रस्त्यात पुन्हा दिसू नये म्हणून.

आम्ही रविवारी गेलो. गाडी अंगणात टिनाखाली उभी होती, पांढरी, धुऊन पुसून ठेवलेली. दादाराव एकटेच होते. अमोलच्या आईला त्यांनी तिच्या भावाकडे पाठवलं होतं, गाडी जाताना दिसू नये म्हणून. त्यांनी किंमत सांगितली. जास्त नव्हती, हे मला गणितवालीला तेव्हाच कळलं होतं. पण कमलताईंच्या अंगात बाजार आला होता. गप्प बसल्या. पर्स खांदा बदलून गेली. मग बॅटरी उन्हात तापलेली, मग नवं मॉडेल आलेलं, मग एका चार्जिंगमध्ये कागदावर एवढं आणि रस्त्यावर तेवढं. दादाराव ऐकत होते. आणि शेवटी कमलताई म्हणाल्या, "अन् दादा, वाईट नका मानू, गेलेल्या मानसाची गाडी कोनी सहज घेत नाही." आणि त्यांनी आपला तो पहिला आकडा सांगितला.

दादाराव म्हणाले, "घ्या."

एवढंच. कपाळाला हात नाही, हसणं नाही, रागावणंही नाही. पुढचा आकडा कमलताईंच्या तोंडात तयार होता, तो तिथेच राहिला. दादारावांनी खिशातून किल्ली काढली, रिंगेतून सोडवली आणि रिंग परत खिशात टाकली. "बैल इकला तरी दावं देत नाही आमी," ते म्हणाले. परत येताना कमलताई गाडी चालवत होत्या. एरवी भाव जिंकला की कुस्ती जिंकल्यासारख्या डाव सांगत यायच्या. त्या दिवशी मीच बडबड करत होते, किती वाचले त्याचा हिशोब करत होते. मालेगाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "त्यानं नाही म्हनाले पाह्यजे होतं."

गाडी चांगली निघाली. पण सकाळी सुरू केली की पडद्यावर अक्षरं यायची, 'अमोलचा फोन शोधत आहे'. थोडा वेळ ती तशीच राहायची आणि मग 'फोन सापडला नाही' असं येऊन विझायची. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "द्या, मी पुसून टाकते, दोन बटणांचं काम आहे." कमलताईंनी माझा हात धरला. "राहू दे. शोधते तं शोधू दे." मग रोज तो शोध संपेपर्यंत त्या गाडी हलवायच्या नाहीत. आमच्याबरोबर मागे बसून येणाऱ्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी घाबरून तीन महिन्यांत पुन्हा काळीपिवळी धरली. त्यातल्या एकीनं जाताना आरशाला लिंबूमिरची बांधली. कमलताईंनी ती सोडून टाकली आणि मला म्हणाल्या, "तो कायले त्रास दीन? त्याचंच घर लुटलं मी."

त्या गाडीला आवाज नाही, त्यामुळे आत जरा काही झालं की मोठं वाटायचं. एकदा मी सुट्टीवर होते. शेजारच्या सीटवर त्यांनी वह्यांचा गठ्ठा ठेवला, तर पट्टा लावा म्हणून गाडी टुणटुण करायला लागली. दुसऱ्या दिवशी बघते तर रिकाम्या सीटला पट्टा लावलेला. मी म्हटलं, "ताई, वजन पडलं की वाजतं ते, माणूस नाही ओळखत." "मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. पण पुढे त्या एकट्या असल्या की तो पट्टा लावलेलाच असायचा. मला भीती वाटायची, भुताची नाही, कमलताईंची.

आणि त्यांचा भाव गेला. भाजीवाली म्हणेल तो दाम देऊन मोकळ्या व्हायच्या. भाजीवालीच घाबरली, मला बाजूला घेऊन विचारते, "बाईची तब्येत बरी नाही काय?" मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, तुमच्यामुळे आता मलाही मेथी महाग पडते." त्या नुसत्या ओठांनी हसल्या. मग म्हणाल्या, "बाजारात मी सांगते तवा समोरचा भांडते, म्हनून मी सांगते. तो बुढा भांडलाच नाही वं. मी हात उगारला अन् त्यानं गाल पुढं केला."

शेवटी त्यांनी ठरवलं, राहिलेले पैसे नेऊन द्यायचे. गाडीचा तेव्हाचा खरा भाव किती, तो त्यांच्याइतका कुणाला कळणार? तो काढला, दिलेली रक्कम वजा केली, बाकी पाकिटात घातली. त्याच गाडीनं आम्ही किन्हीराजाला गेलो. गल्लीच्या मोडावर, म्हणजे वळणावर, शेळ्या आडव्या बसल्या होत्या. कमलताईंनी हॉर्न वाजवला.

समोरच्या घराचं दार उघडलं आणि एक बाई पळत बाहेर आली. पिठाचे हात, डोक्यावर पदर नाही. अंगणाच्या तोंडाशी आली, गाडीत आम्ही दोघी दिसल्या आणि ती जागेवर थांबली. ती अमोलची आई होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. कमलताईंचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मीच उतरले. तीच ओशाळून म्हणाली, "मले माहीत हाय माय, तो नाही. पाय उठले."

आत तिनं चहा केला. चहा होईतो दादाराव आले. कमलताईंनी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना अडखळताना पाहिलं. "दादा, म्या भाव पाडून घेतला. तुमी काहून 'नाही' म्हटलं नाही?" दादाराव पाकिटाकडे न बघता म्हणाले, "आमच्या घरात भाव कराचं काम अमोलचं होतं ताई. तूर इकाची असो का टीव्ही घ्याचा असो, तोच बोले. त्या दिशी तुमी बोलल्या अन् मी वाट पाहून राह्यलो का आता तो बोलन." मग पाकीट त्यांनी हळूच कमलताईंकडे सरकवलं. "हे न्या. घेतलं तं मले वाटन आज पुन्हा इकली."

कमलताई रडल्या. शाळेत बत्तीस वर्षं काढलेली ही बाई परक्याच्या घरात पदर तोंडाला लावून रडली आणि मला तिचा हात धरवेना. अमोलची आई उठली, त्यांच्याजवळ बसली. "गाडीले आवाजच नाही ना," ती सांगायला लागली, "म्हनून तो मोडावर हॉर्न वाजवे. येतानी बी, जातानी बी. मी चूल सोडून दारात ये. नागपूरलोक गाडीची बॅटरी पुरली नसती, म्हनून त्या दिशी एस्टीनं गेला. फाट्यावर पायी गेला. मी आंघोळीले बसली होती, मले समजलंच नाही कवा गेला तं."

आम्ही निघालो. दोघं दारापर्यंत आले. मी गाडीत बसले, कमलताई बसल्या, आणि अमोलची आई काचेजवळ आली. काच खाली झाली. "बाई, एक काम कराल? येतानी वाजवलं, तं जातानी बी वाजवजा. मोडावर." दादारावांनी मान खाली घातली.

शेळ्या उठून गेल्या होत्या. मोडावर कमलताईंनी गाडी थांबवली. "माह्याच्यानं नाही होत वं सुनंदा. तू दाब." मी म्हटलं, "गाडी तुम्ही घेतली आहे. हॉर्नही तुम्हीच वाजवायचा." कठोर बोलले असेन, पण ते माझं काम नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि तळहात हॉर्नवर ठेवला. चांगला लांब वाजवला. मी मागे वळून पाहिलं. आई दारात हात वर करून उभी होती, कुणाला निरोप देताना करतात तसा. दादाराव तिच्या शेजारी मान खाली घालूनच उभे होते. मग त्यांनीही हात वर केला, आणि आम्ही वळेपर्यंत दोघांनीही तो खाली घेतला नाही.