आप्पांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

कापड तपासायच्या हॉलमध्ये धाग्यांचा कचरा रोज झाडतात आणि रोज तेवढाच जमतो. आमच्याकडे किस्स्यांचं तसंच आहे. मी आणि माझा पार्टनर जिग्नेश सुरतच्या उधन्यात एका खोलीत बसून डेस्कटॉपची सॉफ्टवेअरं लिहितो. चांगली स्क्रीन कशी बनवावी याचे व्हिडिओ आम्ही पुष्कळ पाहिले. पण खरं शिकलो ते एकाच मिलच्या चेकिंग हॉलमध्ये, आणि शिकवलं ते आमच्यावर काडीचाही विश्वास नसलेल्या माणसांनी.

विश्वास नसायला कारण होतं. हॉलमध्ये तीन टेबलं. कापडाचा तागा टेबलावरून ओढत न्यायचा, डाग किंवा भोक दिसलं की कॉम्प्युटरवर त्याचा ठरलेला आकडा टाकून सेव्ह करायचं. मिलचे शेठ बोलून गेले होते, "कॉम्प्युटर बराबर चालला तर दोन टेबलांत भागेल." सगळ्यात जुनं टेबल दगाआप्पांचं. आप्पा माझ्या वडिलांच्या गावचे, अमळनेरकडचे. भेस्तानला आमच्याच गल्लीत राहतात आणि तीस वर्षं कापडच बघत आलेत. त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलेला माणूस मीच, असा त्यांचा संशय होता. खोटं कशाला सांगू, मलाही तोच होता.

*

पहिला दिवस. सेव्ह दाबलं की खात्री करून घ्यायला स्क्रीन एक प्रश्न विचारायची. मी तो खास सुरती ठेवला होता, "नक्की ना?" या अर्थाचा: "पाक्कू?"

आप्पांनी डाग नोंदवला. "पाक्कू?" भोक नोंदवलं. "पाक्कू?" तिसऱ्या वेळी आप्पा टेबल सोडून उभे राहिले.

"तीस वरीस व्हयनात. शेठनी बी माले असं इचारं नही. मानूसले लागस, भाऊ."

जिग्नेशने तो प्रश्न त्याच दिवशी काढला आणि त्याऐवजी चूक मागे घ्यायचं बटण दिलं. पहिला धडा तोच. माणसाला सारखं विचारू नये, चुकला तर सुधारू द्यावं.

*

शेजारच्या टेबलावर मंगलाताई. मॉनिटरच्या खालच्या कडेला बारीक निळा दिवा होता, त्यावर त्यांनी टिकली चिकटवली.

"ताई, तो कॅमेरा नाही. स्क्रीन चालू आहे एवढंच सांगतो."

"नाही ना कॅमेरा? मग टिकली राहिली तर तुमचं काय जातं, दादा?"

दुसऱ्या दिवशी तिन्ही मॉनिटरवर टिकल्या होत्या. आप्पांच्या मॉनिटरची मरून होती.

*

ताग्याचा नंबर भरल्याशिवाय सेव्हचं बटण फिकं राहायचं. व्हिडिओत असंच सांगतात. मंगलाताईंनी मात्र ठरवून टाकलं की शेठ केबिनमध्ये बसून फक्त त्यांचंच बटण बंद करतात.

"काल मी सुट्टी मागितली, आज बटण फिकं. मला काय कळत नाही होय?"

आम्ही बटणाशेजारी लिहिलं, "आधी ताग्याचा नंबर भरा." ताईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"हे आधीच का नाही लिहिलं? म्हणजे लपवतच होतात."

*

आकडा चुकला की कॉम्प्युटर टुंग वाजायचा आणि अख्खा हॉल मान वळवायचा. आप्पांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग शांतपणे स्पीकरची वायर उपसून खिशात घातली.

"कापडनी चूक मी सांगस. मन्ही चूक हाऊ गावले कसाले सांगस?"

ज्याची चूक त्यालाच दिसेल असं बारीक अक्षरात लिहायला आम्ही त्यानंतर शिकलो. वायर अजून आप्पांकडेच आहे.

*

सगळ्यात मोठा संशय वेगाचा. सेव्ह पापणी लवायच्या आत व्हायचं, म्हणून आप्पांना ते झालंच नाही असं वाटायचं. ते चारदा दाबायचे आणि एकच डाग चारदा नोंदला जायचा.

मग मी एक हिरवी पट्टी टाकली. सेव्ह दाबलं की दोन सेकंद भरत जायची, आणि भरेपर्यंत कीबोर्ड बंद. ती पट्टी काहीच काम करत नव्हती, नुसती भरायची.

"आते काम करस," आप्पा म्हणाले.

शेठच्या कॉम्प्युटरवर ती नव्हती. हॉलमधली पाहून ते म्हणाले, "मारुं कॉम्प्युटर कामचोरी करे छे." त्यांनाही एक पट्टी दिली. आपण फार हुशार आहोत असं मला त्या दिवशी वाटलं.

*

पुढच्याच महिन्यात मार्केटमधून एक तागा परत आला. भलं मोठं भोक. कॉम्प्युटरवर आप्पांच्या नावाने त्या ताग्यात एक डाग होता, भोक नव्हतं.

"आप्पांची नजर गेली," शेठ म्हणाले, आणि दोन टेबलांचा विषय पुन्हा निघाला.

आप्पांनी खिशातून वही काढली. आमच्यावर संशय म्हणून ते पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंद वहीतही करत होते. तिच्यात डाग होता आणि हातभर पुढे भोकही होतं. शेठनी वही परत केली. "वही तर नंतर पण लिहिता येते."

मी एक सकाळ आप्पांच्या शेजारी बसून काढली. आप्पा आता स्क्रीनकडे बघतच नव्हते. नजर कापडावर, बोटं कीबोर्डवर. एक डाग सेव्ह केला, पट्टी भरायला लागली, तेवढ्यात हातभर पुढे दुसरा दिसला. त्यांनी आकडा टाकला, एंटर दाबलं आणि तागा पुढे ओढला. पट्टी अजून भरतच होती. दुसरा डाग कुठेच नोंदला गेला नाही.

"वायरस कही दे ने," केबिनबाहेर जिग्नेश कुजबुजला, वायरसवर ढकलून दे म्हणून.

मी आत गेलो. "शेठ, ती हिरवी पट्टी खोटी आहे. मीच टाकली. आप्पांनी भोक नोंदवलं होतं, पट्टीने ते गिळलं. नजर आप्पांची नाही, माझी गेली होती."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या स्क्रीनवर भरत असलेल्या पट्टीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पाक्कू?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून आप्पांचा आवाज आला.

"सेठ, उसको ऐसा मत पूछो. आदमी को लगता है."